पत्रिका उघडली आणि पैसे गेले : संगणक व मोबाइलविषयी वाचकांचे प्रश्न

लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच सुरू झाल्यामुळे या वेळच्या पत्रांत या दोन्ही गोष्टी ठळकपणे आल्या आहेत. काही पत्रांना सविस्तर उत्तर आवश्यक होते, काहींना चार वाक्ये पुरेशी होती, आणि जागाही त्याच प्रमाणात दिली आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. फसवणूक झालेल्या काही वाचकांनी तर पत्राच्या शेवटी ‘घरी अजून माहीत नाही’ असे लिहिले आहे. ते वाचून वाईट वाटले. कारण गेलेले पैसे परत मिळण्याची शक्यता तक्रार किती लवकर झाली यावर सर्वाधिक अवलंबून असते, आणि ही तक्रार मागे पडते ती बहुतेक वेळा संकोचामुळेच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नागपूरच्या महाल भागात राहतो. एका शुक्रवारी दुपारी माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती उघडताना मोबाइलने दोन-तीन वेळा परवानगी मागितली, ती मी दिली. परंतु पत्रिका काही दिसली नाही. त्याच रात्री माझ्या खात्यातून दोन वेळा मिळून ४८,००० रुपये गेले. मी कोणालाही ओटीपी सांगितलेला नव्हता. मुलाला हे सांगण्याचे धैर्य मंगळवारी सकाळी झाले आणि त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज दिला. ओटीपी न सांगता पैसे कसे गेले, आणि ते परत मिळू शकतील का?

उत्तर : सर, आपण ओटीपी कोणालाही सांगितला नाही हे खरेच आहे, तो आपल्या मोबाइलने परस्पर कळवला. आलेली फाइल पत्रिका नव्हती, ते एक ॲप होते. अँड्रॉइड मोबाइलवर बसवायचे ॲप ज्या फाइलमधून येते, तिच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ही अक्षरे आधी लिहिलेल्या ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘निमंत्रण’ या शब्दांच्या मागे सहज दडून जातात. खरी पत्रिका चित्र, पीडीएफ किंवा व्हिडिओ म्हणून येते, आणि ती उघडताना ‘अनोळखी स्रोताकडून आलेले ॲप बसवू द्यायचे का’ असे मोबाइल कधीही विचारत नाही. हा प्रश्न पडद्यावर आला, की समोर आलेली वस्तू पत्रिका नाही हे तेथेच सिद्ध झाले, असे समजावे. वाहतूक दंडाचे चलान, बँकेची केवायसी, शेतकरी सन्मान निधीची यादी अशा नावांनीही हीच फाइल फिरत असते.

असे ॲप बसले की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि ती मिळाल्यावर बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी दूर बसलेल्या माणसाकडे आपोआप जाऊ लागतो. पुष्कळदा ते दिव्यांग व्यक्तींच्या सोयीसाठी असलेली ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही परवानगीही मागते. तिच्या आधारे पडद्यावर काय दिसते ते वाचता येते आणि बटणेही दाबता येतात. त्यानंतर तीच फाइल आपल्या यादीतील सर्वांना आपल्या नावाने पाठवली जाते. आपल्या सहकाऱ्यांनी ती जाणूनबुजून पाठवलेली नाही, त्यांचाही मोबाइल बाधित झालेला असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना संदेश न पाठवता प्रत्यक्ष फोन करून हे कळवावे, आणि आपल्या यादीतील लोकांनाही सावध करावे.

आता पैशांविषयी. अशी घटना लक्षात येताच पहिला फोन १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर करायचा असतो. तेथे आपला मोबाइल क्रमांक, बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारला जातो. ही माहिती ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेकडे लगेच पोहोचते. रक्कम तेथे शिल्लक असेल तर ती रोखून धरली जाते, आणि पुढच्या खात्यात गेली असेल तर निरोप त्या पुढच्या बँकेकडे जातो. चोरटे पैसे काही मिनिटांतच चार-पाच खात्यांतून फिरवून एटीएममधून काढतात, म्हणून पहिला तास अनमोल असतो. आपल्या बाबतीत तो हातचा गेला आहे, तरीही तक्रार करावीच. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर ती घरबसल्या नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचा प्रश्न न येता कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही नागपुरात आहे.

बँकेच्या जबाबदारीसंबंधी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आपल्या उपयोगाचे आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात, व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार येत नाही, असे त्यात म्हटले आहे. हे दिवस मोजताना सूचना मिळाली तो दिवस आणि सुट्टीचे दिवस धरायचे नसतात. सूचना शुक्रवारी रात्री मिळाली, रविवार सुट्टीचा. म्हणजे शनिवार, सोमवार आणि मंगळवार असे मोजले तरी आपला अर्ज मुदतीतच पडतो. अर्जाची पोच जपून ठेवावी. बँक कदाचित ‘ॲप तुम्हीच बसवले, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा’ असे म्हणेल. परंतु ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे काम त्याच परिपत्रकाने बँकेवर सोपवलेले आहे, आणि निष्काळजीपणा मान्य झाला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठीचा माहिती क्रमांक १४४४८ आहे. पैसे परत मिळतीलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही, पण प्रयत्न अर्धवट सोडण्यासारखी आपली बाजू दुबळी नाही.

मोबाइल मात्र अजून तसाच वापरत असाल तर आधी थांबा. त्याचे इंटरनेट बंद करून सिमकार्ड काढावे आणि ते साध्या, बटणांच्या फोनमध्ये घालावे, म्हणजे बँकेचे संदेश सुरक्षित जागी येतील. त्या फोनवरून ##००२# हा क्रमांक इंग्रजी अंकांत डायल करावा. कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ते त्याने रद्द होतात. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या एखाद्या उपकरणावरून बदलावेत. ते ॲप नुसते काढून टाकण्यावर मी विसंबणार नाही. छायाचित्रे आणि फोन क्रमांक सुरक्षित करून मोबाइल पूर्ण कोरा करणे, म्हणजे ‘फॅक्टरी रीसेट’ करणे, हाच खात्रीचा उपाय आहे.

आणि सर, चार दिवस हे मनात ठेवून आपण जे सोसले त्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. ज्याने आयुष्यभर मुलांना शिकवले त्याला ‘मला कळले नाही’ असे मुलापुढे म्हणणे जड जाते. मुलाने पहिल्या वाक्यात ‘बाबा, असे कसे केले?’ न विचारता ‘चला, आधी फोन लावू’ असे म्हटले असेल, अशी आशा आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने तेच पहिले वाक्य पाठ करून ठेवावे.

प्रश्न : आमच्या प्रतापनगरच्या घरी मुलाचा संगणक बैठकीच्या खोलीत, कूलरसमोर ठेवला आहे, म्हणजे तो गरम होणार नाही. तरीही दुपारी तो खूप आवाज करतो आणि कधी कधी आपोआप बंद पडतो. कूलरमुळे काही बिघडत असेल का?

उत्तर : ताई, आपला हेतू योग्य आहे, पण जागा चुकली आहे. कूलर हवा थंड करतो ते पाण्याचे बाष्प करून; म्हणजे त्यातून येणारी हवा थंड असते तशीच दमटही असते. ती थेट संगणकावर आली की आत साचलेली कोरडी धूळ ओली होऊन पंख्याच्या पात्यांवर आणि धातूच्या बारीक पट्ट्यांवर थापल्यासारखी चिकटते. अशी धूळ ब्लोअरनेही सहज निघत नाही आणि हवेची वाट बंद करते. हवा न मिळाल्यामुळे पंखा अधिक वेगाने फिरतो, तोच आपल्याला आवाज ऐकू येतो. आणि तेवढ्यानेही भागले नाही की प्रोसेसर जळू नये म्हणून संगणक स्वतःलाच बंद करतो. आपोआप बंद पडणे हा त्याचा बचाव आहे, म्हणून तो लगेच पुन्हा सुरू करू नये.

बहुतेक लॅपटॉप खोलीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल असे धरून बनवलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतपाच्या नऊ तापत्या दिवसांत तर पश्चिमेकडच्या भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात; तेव्हा कूलर आवश्यकच आहे, फक्त त्याचा झोत खोलीत फिरून संगणकापर्यंत यावा, सरळ येऊ नये. संगणक कूलरच्या बाजूच्या भिंतीशी, जमिनीपासून उंच आणि मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा. समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे असावे, नाहीतर दमटपणा खोलीतच कोंडतो. कूलर लावून सगळी दारे बंद करण्याची सवय माणसालाही उपयोगाची नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नयेत. कूलरची मोटर सुरू होताना विजेचा दाब क्षणभर खाली जातो आणि तो धक्का संगणकाच्या पॉवर सप्लायला रोज बसत राहतो. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या लहान मुलाच्या जिवालाच धोका असतो. अर्थिंगची तपासणी वायरमनकडून याच आठवड्यात करून घ्यावी, संगणकाचे नंतर पाहता येईल.

साफसफाई वर्षातून दोनदा पुरेशी आहे, एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीच्या आवराआवरीत. संगणक बंद करून वायर काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, आणि मग मऊ ब्रशने व ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवावीत, कारण पंखा हवेने जोरात फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. ओला फडका आत नेऊ नये. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी तो गादीवर ठेवू नये आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर कधीच सोडू नये. लॅपटॉपची खालची बाजू फुगलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे असे समजून चार्जिंग तत्काळ थांबवावे. ती दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये, दुरुस्तीच्या दुकानात नेऊन द्यावी.

यूपीएसची बॅटरीही उष्णतेने लवकर थकते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा आडाखा आहे. शिवाय मृगाच्या आधी जी वादळे येतात त्या वेळी यूपीएसवर विसंबू नये. विजा चमकू लागल्या की प्लगच काढून ठेवावा, आणि इंटरनेटच्या राउटरचाही काढावा. त्याची फायबरची तार वीज वाहून नेत नाही, पण त्याचा अडॅप्टर नेतो.

प्रश्न : ‘मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता वीज खंडित करण्यात येईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असा संदेश मानेवाड्यातील आमच्या इमारतीत अनेकांना आला. बिल तर भरलेले आहे. काय करावे?

उत्तर : काहीही करू नये, फोन तर मुळीच करू नये. फोन केला की ‘फक्त १० रुपये भरा’ असे सांगून मोबाइलचा पडदा दुरून पाहता येईल असे ॲप बसवायला लावतात, आणि त्या १० रुपयांसाठी टाकलेला पिन त्यांना दिसतो. महावितरण कोणत्याही अधिकाऱ्याच्या खासगी मोबाइल क्रमांकावरून असे संदेश पाठवत नाही आणि त्यांना फोन करण्यासही सांगत नाही. तिचे अधिकृत संदेश क्रमांकावरून न येता कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या शीर्षकाने येतात. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी कायद्याने १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊची वेळ मुद्दाम निवडलेली असते, कारण तेव्हा कार्यालय बंद असते आणि बाहेर ४० अंशांचा उकाडा असतो. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटात हे लिहून टाकावे, आणि जे त्या गटात नाहीत त्या वृद्धांना दारावर जाऊन सांगावे.

प्रश्न : इतवारीत माझे किराण्याचे घाऊक दुकान आहे. दुकानाचा संगणक विंडोज १० वर चालतो आणि सर्व खाती त्यातच आहेत. हिशेबाचे सॉफ्टवेअर ओळखीच्या मुलाने फुकट बसवून दिले आहे. त्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवावा लागतो. असे चालू ठेवावे का?

उत्तर : नाही, आणि हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. आपल्या पत्रातील सर्वांत धोक्याची गोष्ट विंडोज १० ही नसून ते फुकटचे सॉफ्टवेअर आहे. ज्या प्रोग्रामला चालण्यासाठी पहारेकरी बाजूला हटवावा लागतो, तो आत आणखी काय घेऊन आला आहे हे ज्याने बसवले त्यालाही ठाऊक नसते. दुकानातील मालाचे कुलूप आपण कोणाला काढू दिले नसते. खात्यांचे कुलूप मात्र काढलेले आहे. अधिकृत प्रत विकत घ्यावी, जुनी पूर्ण काढावी आणि विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू करावा. घरगुती आणि छोट्या दुकानाच्या वापरासाठी तो पुरेसा आहे. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस ठेवल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली, पण तो तात्पुरता टेकू आहे. आपल्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असेल आणि प्रोसेसर फार जुना नसेल तर विंडोज ११ बसेल. नसेल तर दुकानासाठी नवा संगणक घेऊन जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवावी आणि तो मुलांच्या अभ्यासाला द्यावा. अद्यतने का महत्त्वाची आहेत हे १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दाखवले. त्याने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले, आणि ज्या त्रुटीतून तो आत शिरला ती बुजवणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने त्याच्या दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिले होते. ज्यांनी ते बसवले होते त्यांच्याकडे त्याला त्या वाटेने शिरता आले नाही.

खात्यांच्या प्रतीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एका शनिवारी एकीवर, पुढच्या शनिवारी दुसरीवर प्रत घ्यावी, आणि प्रत होताच डिस्क संगणकापासून काढून घरी न्यावी. जोडून ठेवलेली डिस्क ही प्रत नव्हे. विषाणू संगणकाबरोबर तिलाही कुलूप लावतो. दुकानाला आग लागली किंवा पाणी शिरले तर दोन्ही एकाच ठिकाणी असून उपयोग नाही. दर दोन महिन्यांनी त्या प्रतीतून एखादे जुने बिल उघडून पाहावे, कारण न उघडणारी प्रत अनेकांना अडचणीच्या दिवशीच कळते. माझ्या वडिलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे मी एकाच डिस्कवर ठेवली होती आणि ती टेबलावरून पडली. त्यांतील एकही वाक्य परत मिळाले नाही. त्यानंतर कोणीही संगणक दाखवायला आणला की मी आधी प्रतीविषयीच विचारतो.

प्रश्न : खामला येथून निवृत्त कर्मचारी लिहीत आहे. हयातीचा दाखला ‘अपडेट’ करण्यासाठी पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन आदेशाचा, क्रमांक आणि ओटीपी मागणारा फोन आला. बोलणाऱ्याला माझे नाव, खाते आणि निवृत्तीची तारीखही माहीत होती. मी दिला नाही, पण भीती वाटते.

उत्तर : आपण योग्य केले. समोरच्याला आपली माहिती असणे ही त्याच्या खरेपणाची खूण राहिलेली नाही. हयातीचा दाखला निवृत्तिवेतनधारकाने स्वतः द्यायचा असतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जीवन प्रमाण सेवेत तो बोटाच्या ठशाने किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो. तो फोनवरून कोणी अद्ययावत करून देत नाही.

आपल्यासारख्यांनी आणखी एक गोष्ट अवश्य करावी. आधारवर आधारित पैसे काढण्याच्या सोयीत आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. आणि कागदपत्रांवरून ठसे चोरून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. आधारच्या अधिकृत ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून ठसे कुलूपबंद करता येतात. नोव्हेंबरमध्ये दाखला देताना ते तात्पुरते उघडावे लागतील, हे लक्षात ठेवावे, नाहीतर ‘मशीन ठसा घेत नाही’ म्हणून हेलपाटे होतील.

प्रश्न : माझी आई कामठीला एकटी राहते. तिला व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणसाने ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असे सांगून तीन तास बसवून ठेवले. शेजारच्या काकूंनी दार वाजवले म्हणून ती वाचली. पैसे गेले नाहीत, पण ती अजून फोन उचलत नाही. तिला काय सांगू?

उत्तर : तिला आधी हे सांगा, की ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. स्वतः पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगून लोकांना सावध केले होते. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून मुदत ठेव मोडून पैसे कोणत्याही खात्यात भरायला सांगत नाहीत. मागे दिसणारा कक्ष आणि अंगावरचा गणवेश हे सर्व नाटकाचे साहित्य असते.

पण केवळ माहितीने भीती जात नाही. या माणसांचे खरे हत्यार कायदा नसून एकटेपणा आहे. म्हणूनच ते प्रथम ‘कोणालाही सांगू नका, मुलांनाही नाही’ असे बजावतात आणि फोन चालूच ठेवायला लावतात. त्या काकूंनी दार वाजवल्याबरोबर सगळे कोसळले, यातच त्यावरचा उपाय दिसतो. आईशी असे ठरवा, की कोणी ‘घरच्यांना सांगू नका’ म्हणाले की फोन बंद करून ती सरळ काकूंच्या घरी जाईल, पायांत चपला घालण्यासाठीही थांबणार नाही. काकूंनाही हे सांगून ठेवा. काही दिवस ठरलेल्या वेळी तुम्ही स्वतः तिला फोन करा, म्हणजे फोन वाजणे तिला पुन्हा आपल्या माणसाचे वाटू लागेल. तिने तीन तास का ऐकून घेतले, हा प्रश्न मात्र विचारू नका. ती घाबरली होती, एवढे उत्तर पुरेसे आहे. पैसे गेले नसले तरी तो क्रमांक संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत नोंदवा, त्याने दुसऱ्या कोणाची आई वाचेल.

प्रश्न : नंदनवनमधील झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढल्यावर पेनड्राइव्हमधील सर्व फोल्डर नाहीसे झाले आणि त्या जागी बाण असलेली चित्रे आली. माझा प्रबंध त्यात आहे.

उत्तर : प्रबंध बहुधा सुरक्षित आहे, फक्त लपवलेला आहे. बाण असलेल्या चित्रांवर क्लिक करू नका. त्यानेच विषाणू तुमच्या संगणकात जातो. डिफेंडरने पेनड्राइव्ह तपासून घ्या, मग विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करा, तुमचे फोल्डर बहुधा दिसतील. ते उतरवून पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढे प्रिंटसाठी वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यात पीडीएफच न्या. दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडले असेल तर मोबाइलमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते आताच बंद करा. आधारची प्रत काढायची असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ वापरा.

प्रश्न : आमच्या सक्करदऱ्याच्या घरी माझे पती पासवर्ड वहीत लिहून ठेवतात आणि मुलगी त्यांना रागावते. कोणाचे बरोबर?

उत्तर : सध्या तरी पतीचे. इंटरनेटवरून चोरी करणारा माणूस सक्करदऱ्यातील आपल्या कपाटापर्यंत येत नाही; तो मोबाइलमधील नोट, गॅलरीतील पासबुकचा फोटो आणि सगळीकडे एकच असलेला पासवर्ड यांवर जगतो. वहीमुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवता येत असेल तर तीच अधिक सुरक्षित आहे. चिन्हांच्या गुंतागुंतीपेक्षा लांबी महत्त्वाची असते, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहावेत. मुलांची नावे, जन्मतारखा आणि गाडीचा क्रमांक टाळावा. सर्वांत मजबूत पासवर्ड बँकेला नव्हे, ईमेलला असावा, कारण बाकीच्या अनेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड त्याच दारातून बदलले जातात; त्यावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणीही चालू करावी. यूपीआय आणि एटीएमचा पिन मात्र वहीत लिहू नये. वहीच्या पहिल्या पानावर १९३० आणि बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि वही कोठे ठेवली आहे हे आपल्याला व मुलीलाही माहीत असावे.